उरलेल्या व्होल्टांचा हिशोब

७८०५ हा व्होल्टेज रेग्युलेटर, म्हणजे जास्त व्होल्ट घेऊन स्थिर ५ व्होल्ट देणारा तीन पायांचा तुकडा, इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातात अगदी सुरुवातीला येतो. एका पायावर ९ किंवा १२ व्होल्ट द्यायचे, मधला पाय ग्राउंडला जोडायचा, की तिसऱ्या पायावर ५ व्होल्ट तयार. सर्किटच्या आकृतीत तो एक रिकामा चौकोन असतो आणि पुष्कळांच्या डोक्यातही तेवढाच राहतो. सेन्सरची डेटाशीट, म्हणजे उत्पादकाचं माहितीपत्रक, वाचली जाते, मायक्रोकंट्रोलरची तर पारायणं होतात, रेग्युलेटरची मात्र कुणी उघडत नाही. मग मायक्रोकंट्रोलर मधूनच रीसेट होतो, अँप्लिफायर गुणगुणतो, सेन्सरचे आकडे दुपारी एक आणि रात्री दुसरेच येतात. चूक प्रोग्रॅममध्ये शोधण्यात दिवस जातात आणि ती असते वीजपुरवठ्यात.

या चिपला गृहीत धरलं जातं ते ती फार चांगली आहे म्हणूनच. १९६०च्या दशकात स्थिर ५ व्होल्ट हवे असतील तर झेनर डायोड, पॉवर ट्रान्झिस्टर, चार-सहा रेझिस्टर आणि शॉर्टपासून वाचवणारं वेगळं सर्किट असा सगळा संसार मांडावा लागे. नॅशनल सेमीकंडक्टरमधल्या बॉब विडलरने एलएम१०९ मध्ये हे सगळं एका सिलिकॉनच्या तुकड्यावर आणलं आणि बाहेर फक्त तीन टोकं ठेवली. अडचण मोठी होती. पॉवर ट्रान्झिस्टर तापणार, आणि ज्या संदर्भ व्होल्टेजवर सगळी अचूकता उभी, ते त्याच तापलेल्या तुकड्यावर बसलेलं असणार. विडलरने दोन विरुद्ध प्रवृत्ती एकमेकींना जोडल्या. ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटरमधलं व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतं. वेगवेगळ्या करंट घनतेवर चालणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरांच्या अशा व्होल्टेजांमधला फरक मात्र तापमानाबरोबर चढतो. हा फरक योग्य पटीत वाढवून पहिल्यात मिसळला की बेरीज १.२ व्होल्टच्या आसपास येते आणि तापमान बदललं तरी जवळपास तिथेच राहते. हाच बँडगॅप संदर्भ. त्याच्या जोडीला त्याच तुकड्यावर तापमान ओळखून चिप बंद करणारं सर्किटही आलं. फेअरचाइल्डच्या ७८०० मालिकेने हा तीन पायांचा घाट घरोघरी नेला: ०५, ०६, ०८, ०९, १२, १५, १८, २४, नावातले शेवटचे दोन आकडे म्हणजे आउटपुटचे व्होल्ट. ऋण पुरवठ्यासाठी ७९०० मालिका.

आत काय घडतं ते एकदा नीट पाहिलं की पुढचे निम्मे प्रश्न सुटतात. इनपुट आणि आउटपुट यांच्यामध्ये एक पॉवर ट्रान्झिस्टर ओळीत बसलेला असतो. आउटपुटचा ठरावीक हिस्सा एका अँप्लिफायरकडे जातो, तो त्याची संदर्भाशी तुलना करतो आणि ट्रान्झिस्टर थोडा जास्त किंवा थोडा कमी उघडतो. पाटकरी पाण्याची पातळी बघून दार वर-खाली करत राहतो, तसं हे अखंड चालू असतं. महत्त्वाची गोष्ट ही की ट्रान्झिस्टर ओळीत आहे. लोडमधून, म्हणजे पुढे जोडलेल्या सर्किटमधून, जेवढा करंट जातो, तेवढाच त्याच्यातूनही जातो. १२ व्होल्ट, अर्धा अँपिअर क्षमतेचा अडॅप्टर लावला आणि पुढे ७८०५ बसवला, तर ५ व्होल्टलाही अर्धा अँपिअरच मिळतो. व्होल्ट कमी झाले म्हणून करंट वाढत नाही. अडॅप्टरमधून ६ वॉट निघाले, लोडला २.५ पोचले, आणि उरलेले ३.५ वॉट त्या बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकड्यात उष्णता होऊन बसले.

म्हणून या चिपच्या बाबतीत विचारायचा पहिला प्रश्न एकच: उरलेले व्होल्ट कुठे जाणार? इनपुटमधून आउटपुट वजा करायचं, करंटने गुणायचं. हा गुणाकार करायला अर्धं मिनिट लागतं आणि तो न केल्यामुळे जेवढी सर्किटं फसतात, तेवढी दुसऱ्या कुठल्याच कारणाने फसत नसतील.

आता ३.५ वॉटचं काय होतं ते बघू. टीओ-२२० आकाराचा (पाठीला भोक असलेली धातूची टॅब असलेला) ७८०५ हीटसिंकशिवाय, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या तुकड्याशिवाय, मोकळ्या हवेत उभा असेल, तर दर वॉटमागे त्याच्या आतलं सिलिकॉन हवेपेक्षा साधारण ६५ अंशांनी तापतं. ३.५ वॉटला २२७ अंशांची वाढ. इतकं होण्याआधीच, १५० अंशांच्या पुढे, चिप स्वतःला आवरते. आउटपुट पडतं, चिप थोडी थंड होते, आउटपुट परत येतं, पुन्हा पडतं. बाहेरून दिसतं ते असं: सर्किट चालू केल्यावर काही वेळ उत्तम चालतं, मग ठरावीक अंतराने रीसेट होऊ लागतं, आणि बंद करून जरा वेळाने पाहिलं की पुन्हा शहाण्यासारखं वागतं. या लक्षणावर आधी रेग्युलेटरवरच संशय घ्यावा. चिप यात सहसा मरत नाही, पण या बचावाला रोजच्या कामाला जुंपणं हा तिच्यावर अन्याय आहे. तो अपघातासाठी ठेवलेला आहे.

हीटसिंकशिवाय किती झेपतं? सिलिकॉन १२५ अंशांच्या आत ठेवायचं आणि भोवतालची हवा ४० अंश धरली, तर ८५ भागिले ६५, म्हणजे १.३ वॉट. व्यवहारात १ वॉटवर थांबावं. १२ व्होल्टच्या इनपुटवर १ वॉट म्हणजे जेमतेम १४० मिलिअँपिअर. डेटाशीटमध्ये १ किंवा १.५ अँपिअर लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ 'उष्णता काढून नेण्याची सोय तुम्ही केलीत तर' असा वाचायचा.

ती सोय मोजूनच करावी. अर्धा अँपिअर, १२ व्होल्ट इनपुट, ३.५ वॉट. बंद खोक्यातली हवा ४५ अंश धरू, कारण खोक्यातली हवा खोलीतल्या हवेपेक्षा नेहमी गरम असते. सिलिकॉन ११० वर ठेवायचं ठरवलं तर वाढीला ६५ अंश उरले. ६५ भागिले ३.५, म्हणजे दर वॉटला साधारण १८.५ अंशांची एकूण मुभा. त्यातून सिलिकॉन ते टॅब हे ५ अंश वजा, टॅब ते हीटसिंक पेस्ट लावून १ अंश वजा. उरले १२.५. हीटसिंकच्या माहितीत दर वॉटला इतके किंवा कमी अंश लिहिलेले असतील तो घ्यायचा. थोडी खोट धरून १० अंशांचा घ्यावा. हीटसिंकच्या पात्या उभ्या दिशेने येतील असा बसवावा, म्हणजे हवा खालून वर वाहते. आडवा किंवा खोक्याच्या भिंतीला चिकटवलेला हीटसिंक छापील आकडा पाळत नाही.

बसवण्याची पद्धतही मन लावून पाळण्यासारखी आहे. चिपच्या टॅबची मागची बाजू आणि हीटसिंकचा पृष्ठभाग दोन्ही पुसून घ्यायचे. भोकाच्या कडेला धातूचा उभा काटा राहिला असेल तर तो मोठ्या ड्रिलच्या टोकाने हाताने फिरवून काढायचा, नाहीतर टॅब एका कडेवर टेकते आणि मधे हवा राहते. पेस्ट अगदी पातळ, धातू जेमतेम झाकेल एवढीच. तिचं काम दोन पृष्ठभागांमधल्या खाचा भरणं आहे, थर करणं नाही. एम३चा स्क्रू, वॉशर, आणि आवळताना बेताने. फार आवळलं की टॅबची स्क्रूकडची बाजू दबते आणि सिलिकॉन ज्या बाजूला आहे तीच बाजू किंचित उचलली जाते. पाय वाकवायचे असतील तर अंगाजवळ पक्कडीने धरून, प्लॅस्टिकपासून ३ मिलिमीटर सोडून वाकवायचे. क्रम असा: आधी स्क्रू आवळायचा, मग पाय सोल्डर करायचे. उलट केलं की स्क्रू आवळताना येणारा सगळा ताण पायांवर आणि सोल्डरच्या सांध्यांवर येतो. दर तापण्या-निवण्याला तो सांधा थोडा हलतो, आणि वर्षभराने त्याला बारीक गोल चीर पडते. मधल्या पायाला पडली तर काय होतं ते पुढे सांगतो, कारण ते सगळ्यांत वाईट आहे.

उष्णता वाटून घ्यायचे साधे मार्गही आहेत. १२ व्होल्टवर चालणारी रिले वापरली की तिची कॉइल रेग्युलेटरच्या आधीच, थेट १२ व्होल्टवर जोडता येते. ५ व्होल्टच्या रिलेचे ७०-८० मिलिअँपिअर ७८०५ मधून ओढायची गरज नसते. दुसरा मार्ग म्हणजे इनपुटच्या आधी ओळीत एक रेझिस्टर. लोड ३०० मिलिअँपिअर असेल तर १० ओहमचा रेझिस्टर ३ व्होल्ट आणि ०.९ वॉट स्वतःवर घेतो, चिपवरचा भार २.१ वरून १.२ वॉटवर येतो. रेझिस्टर २ वॉटचा घ्यायचा आणि इनपुटचा कपॅसिटर त्याच्या पुढे, चिपला लागून ठेवायचा. पण लोड कधी ५०० मिलिअँपिअरवर उसळी घेणार असेल तर रेझिस्टर ५ व्होल्ट खाईल, चिपला ७ उरतील आणि आपण दुसऱ्याच कड्याच्या टोकावर येऊ.

तो कडा म्हणजे ड्रॉपआउट. ७८०५ ला आपलं काम करायला आउटपुटपेक्षा साधारण २ व्होल्ट जास्त लागतात. इनपुट ७ च्या खाली गेलं की ट्रान्झिस्टर पूर्ण उघडूनही पुरत नाही, आणि इनपुटवर जे काही हलतं ते थेट आउटपुटवर दिसू लागतं. अडॅप्टरचा पुरवठा असेल तर हे सोपं आहे. ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या पुरवठ्यात मात्र सरासरी व्होल्टेज बघून चालत नाही, दरीचा तळ बघावा लागतो.

९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्या. ९ हा त्याचा आरएमएस (एसीच्या परिणामकारक मूल्याचा) आकडा, शिखर १२.७. एसीचं डीसी करणाऱ्या ब्रिजमधले दोन डायोड मिळून १.४ घेतात, उरले ११.३. दोन शिखरांच्या मधल्या काळात लोडला फक्त कपॅसिटर पोसतो. ५० हर्ट्झच्या विजेवर हा काळ १० मिलिसेकंद, ६० वर ८.३. अर्धा अँपिअर गुणिले १० मिलिसेकंद भागिले २२०० मायक्रोफॅरड, म्हणजे साधारण २.३ व्होल्टची घसरण. प्रत्यक्षात थोडी कमी, पण हिशोब इकडच्या बाजूला चुकलेला बरा. दरीचा तळ ९ व्होल्ट. मुख्य वीज १० टक्के उतरली तर तो ७.७ च्या आसपास येतो, म्हणजे अजून सुरक्षित. हाच हिशोब १००० मायक्रोफॅरडने केला तर घसरण ५ व्होल्ट, तळ ६.३, आणि दर सेकंदाला १०० वेळा आउटपुटला खाच पडते. मल्टीमीटर सरासरी दाखवतो, त्यावर ४.९ दिसतं आणि माणूस समाधानाने पुढे जातो. अँप्लिफायर मात्र गुणगुणतो. ६ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर तर नकोच: शिखर ८.५, डायोडनंतर ७.१, रिपलला, म्हणजे या चढउताराला, जागाच नाही.

याच्या उलट बाजूचंही भान हवं. छोटे ट्रान्सफॉर्मर लोड नसताना छापील व्होल्टेजपेक्षा १५-२० टक्के जास्त देतात. त्यावर मुख्य वीज १० टक्के चढली तर ९ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमागे कपॅसिटरवर १५ व्होल्ट उभे राहू शकतात. तिथे १६ व्होल्टचा कपॅसिटर लावणं म्हणजे त्याला कायम काठावर बसवणं. २५ व्होल्टचा घ्यावा. ट्रान्सफॉर्मरचा करंटही वाढवून घ्यावा लागतो. कपॅसिटर शिखरापाशी थोड्या वेळाच्या पण मोठ्या घोटांत भरतो, त्यामुळे अर्धा अँपिअर डीसी हवा असेल तर वाइंडिंगमधून त्याच्या १.६ ते १.८ पट आरएमएस करंट जातो. ९ व्होल्ट, १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर हा इथे योग्य माप आहे, चैन नव्हे.

तळ ७ च्या वर राहिला, तर ७८०५ चं काम बघत राहावंसं वाटतं. १०० किंवा १२० हर्ट्झच्या रिपलला ती कमीत कमी ६२ डेसिबेलने दाबते, म्हणजे बाराशेहून अधिक पटींनी. इनपुटवरच्या २.३ व्होल्टच्या लाटा आउटपुटवर जेमतेम २ मिलिव्होल्ट उरतात. इतकं चोख काम एवढ्या साध्या पॅकेजमध्ये फार थोड्या चिप करतात.

कपॅसिटरचा विषय बहुतेक लेख एका ओळीत संपवतात: इनपुटला ०.३३ मायक्रोफॅरड, आउटपुटला ०.१. आकडे बरोबर आहेत. कुठे लावायचे हे त्याहून महत्त्वाचं आहे. चिपच्या आत एक फीडबॅक चालू आहे. इनपुटची तार लांब असली की तिचं इंडक्टन्स त्या फीडबॅकच्या तब्येतीवर येतं आणि चिप ऑसिलेट होऊ लागते, म्हणजे आउटपुट आपोआप वेगाने वर-खाली डोलू लागतं. मुख्य फिल्टर कपॅसिटर चिपपासून वीतभर दूर असेल तर ०.३३ चा छोटा कपॅसिटर चिपच्या पायांना लागून हवाच. पाय छोटे कापून, इनपुट आणि ग्राउंड या दोन पायांमध्ये. सिरॅमिक उत्तम. ऑसिलेशनची खूण अशी: लोड नाही तरी चिप गरम, मल्टीमीटरवर ५ ऐवजी ४.७ किंवा ५.३ असं काहीतरी, आणि तारेला हात लावला की आकडा बदलतो. ऑसिलोस्कोप असेल तर क्षणात कळतं. नसेल तर ०.१ चा सिरॅमिक पायांवर टेकवून बघावा. आकडा ताळ्यावर आला तर निदान झालं.

७८०५ या बाबतीत सोशिक आहे. कमी ड्रॉपआउटच्या चिप, ज्यांना सगळे एलडीओ म्हणतात, तितक्या सोशिक नाहीत. एलएम२९४० अर्ध्या व्होल्टच्या फरकावर १ अँपिअर देते, पण तिच्या आउटपुटला कमीत कमी २२ मायक्रोफॅरड लागतात आणि त्या कपॅसिटरचा आतला रोध, म्हणजे ईएसआर, साधारण ०.१ ते १ ओहमच्या दरम्यान असावा लागतो. फार जास्त नको हे पटकन पटतं. फार कमीही नको, हे पचायला वेळ लागतो. चांगला म्हणून सिरॅमिक लावला, त्याचा ईएसआर काही मिलिओहम, आणि चिप ऑसिलेट झाली, असं होतं. तिथे टँटलम किंवा साधा इलेक्ट्रोलिटिक लावावा, किंवा सिरॅमिकच्या ओळीत अर्ध्या ओहमच्या आसपासचा रेझिस्टर घालावा. ज्या नव्या एलडीओ सिरॅमिकसाठीच बनवल्या आहेत त्यांच्या डेटाशीटमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. तिथेही एक मेख आहे: ६.३ व्होल्टचा, छोट्या आकाराचा १० मायक्रोफॅरड सिरॅमिक ५ व्होल्टवर ठेवला की त्याची धारिता निम्म्याहून कमी उरू शकते. १६ किंवा २५ व्होल्टचा, एक आकार मोठा आणि एक्स७आर जातीचा घेतला की हा घोळ बराच टळतो.

आता मधल्या पायाबद्दल. ग्राउंडचा पाय सुटला, चीर गेली किंवा ब्रेडबोर्डमध्ये नीट बसला नाही, तर चिपला ५ व्होल्ट कशाच्या तुलनेत धरायचे हेच कळत नाही. आउटपुट जवळजवळ इनपुटइतकं चढतं. १२ व्होल्ट थेट मायक्रोकंट्रोलरवर. रेग्युलेटर वाचतो, त्याच्यामागचं सगळं जातं. म्हणून चालू पुरवठ्यावर रेग्युलेटर सॉकेटमध्ये घालू-काढू नये, आणि ब्रेडबोर्डवर तर ग्राउंडची जोडणी सगळ्यांत आधी करून ओढून बघावी. महाग लोड असेल तर आउटपुटवर ५.६ व्होल्टचा तगडा झेनर आणि इनपुटला फ्यूज ठेवावा. १ वॉटचा झेनर एकटा फार वेळ टिकणार नाही, पण तो बहुधा शॉर्ट होऊन मरतो आणि मरताना फ्यूज उडवतो.

उलटा करंट हे दुसरं दुखणं. आउटपुटवर ४७० किंवा १००० मायक्रोफॅरड लावले आहेत आणि इनपुट कशामुळे अचानक शून्यावर आलं, तर तो साठा चिपमधून मागे धावतो. उपाय म्हणजे एक १एन४००७, आउटपुटकडून इनपुटकडे, पट्ट्याची बाजू इनपुटला. १२ व्होल्ट आणि वरच्या चिपला, किंवा आउटपुटला मोठा कपॅसिटर असेल तिथे हा डायोड न चुकता लावावा. तसंच ही चिप करंट फक्त देऊ शकते, गिळू शकत नाही. मोटरचा उलटा धक्का किंवा दुसऱ्या पुरवठ्याकडून एखाद्या रेझिस्टरमधून येणारा करंट आउटपुट वर ढकलू लागला, तर ती हताश बघत राहते.

धन आणि ऋण अशा जोड पुरवठ्यात ७८१२ आणि ७९१२ शेजारी बसतात आणि दोघी दिसतात सारख्या. पायांचा क्रम मात्र वेगळा. छापील बाजू आपल्याकडे, पाय खाली: ७८ मालिकेत डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट; ७९ मध्ये ग्राउंड, इनपुट, आउटपुट. ७८ ची टॅब ग्राउंडला, ७९ ची टॅब इनपुटला जोडलेली. दोन्ही एकाच हीटसिंकवर तशाच ठोकल्या की ऋण इनपुट ग्राउंडला शॉर्ट. ७९ च्या मागे अभ्रकाचा किंवा सिलिकॉनचा पॅड आणि स्क्रूला प्लॅस्टिकची बुशिंग हवी. बसवल्यावर मल्टीमीटरने टॅब आणि हीटसिंक यांच्यात जोडणी नाही ना ते बघूनच वीज द्यावी. ७९ ला कपॅसिटरही जास्त लागतो: इनपुटला २.२ आणि आउटपुटला १ मायक्रोफॅरड टँटलम, किंवा आउटपुटला २५ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक. आणि दोन्ही आउटपुटवर ग्राउंडशी एकेक उलटा डायोड, कारण एक पुरवठा आधी उठला तर लोडमधून दुसऱ्याला उलट्या दिशेने ओढतो आणि ती चिप तशीच अडकून राहू शकते.

पायांच्या क्रमाचा सापळा आणखी दोन ठिकाणी आहे. १०० मिलिअँपिअरची ७८एल०५ ट्रान्झिस्टरसारख्या छोट्या टीओ-९२ मध्ये येते. चपटी बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून आउटपुट, ग्राउंड, इनपुट, म्हणजे मोठ्या भावाच्या नेमकं उलट. एलएम३१७ मध्ये अ‍ॅडजस्ट, आउटपुट, इनपुट, आणि टॅब आउटपुटला. एलएम३१७ ही बॉब डॉबकिन यांची चिप. हिचं आउटपुट दोन रेझिस्टरांनी ठरतं: १.२५ गुणिले (१ + खालचा भागिले वरचा). वरचा आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट यांच्यामध्ये, खालचा अ‍ॅडजस्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये. वरचा २४०, खालचा ३९० ओहम घेतला की ३.३ च्या अगदी जवळ. पण तिला आउटपुट धरून ठेवायला १० मिलिअँपिअरपर्यंत किमान लोड लागू शकतो, म्हणून वरचा रेझिस्टर १२० ओहमचा घेणं मला जास्त पटतं. मग लोड नसला तरी आउटपुट वर तरंगत नाही.

३.३ व्होल्टच्या जगात एएमएस१११७ सगळीकडे दिसते, आणि तिचं नाव एलडीओ म्हणून घेतलं जातं. पूर्ण करंटला तिचा ड्रॉपआउट १.१ ते १.३ व्होल्ट आहे. यूएसबीच्या ५ व्होल्टवरून ३.३ करायला ती छान. एका लिथियम सेलवरून नाही. सेल भरलेला असताना ४.२, बराच वेळ ३.७. चिपला पूर्ण करंटला हवेत ४.४ किंवा जास्त. मल्टीमीटरवर हलक्या लोडला ३.२ दिसतात, ईएसपी३२ हा वायफायचा मायक्रोकंट्रोलर चालूही होतो, आणि वायफायने पाठवायला सुरुवात केली, करंट काही क्षण अडीच-तीनशे मिलिअँपिअरवर गेला, की रीसेट. शिवाय ही चिप स्वतःसाठीच सुमारे ५ मिलिअँपिअर खाते. २००० मिलिअँपिअर-तासांचा सेल, मायक्रोकंट्रोलर गाढ झोपलेला, तरी ४०० तासांत, म्हणजे जेमतेम सतरा दिवसांत, सेल रेग्युलेटरनेच संपवलेला असतो. बॅटरीवर एमसीपी१७०० सारखी चिप हवी: स्वतःचा खर्च १.६ मायक्रोअँपिअर, २५० मिलिअँपिअरला ड्रॉपआउट ०.१८ व्होल्टच्या आसपास. तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत, इनपुट ६ व्होल्टपर्यंतच आणि करंट २५० मिलिअँपिअर. वायफायच्या उसळ्यांना ती अपुरी पडते, सेन्सर आणि छोट्या मायक्रोकंट्रोलरला उत्तम. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर ७८०५ लावणं तर दोन्हीकडून तोटा: जवळजवळ निम्मी ऊर्जा उष्णतेत, आणि बॅटरी ७ व्होल्टवर आली की त्यात जीव असूनही सर्किट बंद.

५ व्होल्ट म्हणजे नेमके ५ असंही धरू नये. ७८०५ ची हमी ४.८ ते ५.२ अशी आहे, आणि चिप तापली की त्यात दर अंशाला मिलिव्होल्टच्या घरात फरक पडतो. डिजिटल सर्किटला याचं काही वाटत नाही. पण तोच पुरवठा एडीसीचा (व्होल्टेजचे आकडे करणाऱ्या सर्किटचा) संदर्भ म्हणून वापरला, तर १० बिटांच्या मोजणीत ४ टक्के म्हणजे ४१ पायऱ्यांची चूक आधीच आत आली. मोजायचं असेल तर संदर्भाची वेगळी चिप लावावी.

मग स्विचिंग रेग्युलेटर, म्हणजे वेगाने चालू-बंद होऊन व्होल्ट उतरवणारा, का वापरू नये? करंट मोठा आणि व्होल्टेजचा फरकही मोठा असेल तर तोच वापरावा, यात मला शंका नाही. एलएम२५९६ चं मॉड्यूल १२ वरून ५ करताना ऐंशी टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमतेने चालतं, जिथे ७८०५ बेचाळीसच्या खाली अडकते. पण तिच्या आउटपुटवर १५० किलोहर्ट्झची खरखर असते, आणि मायक्रोफोनचा प्रीअँप किंवा लोडसेलचा अँप्लिफायर ती खरखर ऐकतो. तिथे दोघांची जोडी जमते: स्विचरने १२ वरून ६ वर आणायचं, पुढे कमी ड्रॉपआउटच्या लीनियर चिपने ५. फक्त एवढं ध्यानात असावं की रिपल दाबण्याची लीनियर चिपची ताकद १०० हर्ट्झवर असते तशी १०० किलोहर्ट्झच्या पुढे राहत नाही. मधे फेराइट बीड किंवा १० मायक्रोहेन्रीचं कॉइल आणि त्यापुढे सिरॅमिक कपॅसिटर घातला, तर उरलेली खरखर तिथेच अडते.

पुरवठा तयार झाल्यावर लगेच सर्किट जोडू नये. आधी लोडशिवाय आउटपुट मोजावं. मग १० ओहम, १० वॉटचा रेझिस्टर लावावा. ५ व्होल्टला तो अर्धा अँपिअर ओढतो आणि २.५ वॉट खातो, त्यामुळे पाव वॉटचा लावला तर धूर निघेल. अर्धा तास तसाच चालू ठेवून टॅबचं तापमान बघावं. थर्मोकपल असेल तर ते टॅबवर, स्क्रूच्या बाजूला लावावं. आलेल्या आकड्यात दर वॉटला ५ अंश मिळवले की सिलिकॉनचा अंदाज येतो. मल्टीमीटर एसी मिलिव्होल्टवर लावून आउटपुट बघावं. काही मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दरीचा तळ ७ च्या खाली जातोय किंवा ग्राउंडची तार चुकीच्या ठिकाणी जोडली आहे. रेग्युलेटरचं ग्राउंड फिल्टर कपॅसिटरच्या ऋण टोकाच्या पुढे, लोडच्या बाजूला जोडायचं. ब्रिज आणि कपॅसिटर यांच्यामधल्या तुकड्यावर जोडलं तर चार्जिंगचे मोठे घोट त्या तारेत जो व्होल्टेज पाडतात, तो आउटपुटमध्ये मिसळतो आणि कितीही कपॅसिटर वाढवले तरी गुणगुण जात नाही.

शेवटचं माप रेग्युलेटरच्या पायांवर न घेता लोडच्या पिनांवर घ्यावं. एकूण ०.१ ओहमची तार १ अँपिअरला १०० मिलिव्होल्ट खाते, आणि हे रेग्युलेटरला दिसत नाही; तो फक्त आपल्या आउटपुट आणि ग्राउंड पायांमधलं अंतर सांभाळतो. दोन मापांत ५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर आधी ग्राउंडची तार जाड करावी, मग धन बाजूची. तरीही पुरलं नाही तर इनपुटची लांब तार लोडपर्यंत नेऊन रेग्युलेटर तिथेच बसवावा, त्याच्या ०.३३ च्या कपॅसिटरसकट.